बेबी रूमपासून सुरुवात : इंग्लंडमधल्या नर्सरीत अप्रेंटिसशिप घेऊ पाहणाऱ्या ताईंना सविस्तर उत्तर

विचारणाऱ्या ताई मूळच्या नाशिकच्या. बी.कॉम. झालेल्या, लग्नाआधी बँकेत नोकरी. नवऱ्याच्या कामामुळे चार वर्षांपासून रेडिंगला राहतात. मुलगी आता शाळेत जायला लागली आहे. घराजवळच्या नर्सरीने त्यांना अर्ली इयर्स एज्युकेटरची (लहान मुलांना सांभाळत शिकवणाऱ्या व्यक्तीची) लेव्हल ३, म्हणजे साधारण बारावीच्या तोडीची, अप्रेंटिसशिप देऊ केली आहे : पगारी काम करता करता शिकायचं. सुरुवात बेबी रूममध्ये, म्हणजे दोन वर्षांखालच्या बाळांच्या खोलीत आहे. घरचे म्हणतात, ‘एवढं शिकून दुसऱ्यांच्या मुलांची शी-शू काढणार का?’ ताईंना जाणून घ्यायचंय की ही संधी घ्यावी का, पगार इतका कमी का, आपलं इंग्रजी पुरेल का, आणि पहिल्या काही आठवड्यांत नेमकं काय करायचं असतं.

ताई, संधी घ्या. मी लेस्टरमध्ये बरीच वर्षं नर्सरीत काम करते आहे. बेबी रूमपासून सुरुवात केली, पुढे रूम लीडर झाले, आणि आता डेप्युटी मॅनेजर म्हणून नव्या अप्रेंटिसना शिकवणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. म्हणून घरच्यांच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण तो मनात राहिला तर पहिल्याच आठवड्यात तुम्ही खचाल.

शी-शू काढावी लागेल, दिवसातून कितीतरी वेळा. पण ती कशी काढली जाते, ते एकदा नीट बघा. आमच्या बेबी रूममधली अनुभवी बाई दहा महिन्यांच्या बाळाचं नॅपी बदलायला निघते, तेव्हा ती त्याला मागून येऊन उचलत नाही. समोर खाली बसते, नाव घेते, ‘चल, नॅपी बदलू या’ असं सांगून हात पुढे करते आणि थांबते. दोन-तीन सेकंद जातात. बाळ हातातला ठोकळा बघतं, तिच्याकडे बघतं, मग हात वर करतं. तेव्हा ती उचलते. टेबलावर ‘आता पाय वर, आता गार लागेल हं’ असं बोलणं चालूच असतं. बाळ ‘बा बा’ म्हणालं की ती गप्प होते, त्याचं पूर्ण होऊ देते आणि मग उत्तर देते. काम संपल्यावर हात धुणं, टेबल पुसणं आणि वेळेसकट नोंद. पुरळ दिसलं तर तेही लिहायचं. या चार-पाच मिनिटांत त्या बाळाला कळतं की मला विचारलं जातं, माझ्या आवाजाला उत्तर मिळतं, माझं शरीर माझं आहे. आठ-नऊ बाळांच्या खोलीत एका बाळाला एका माणसाचं असं अखंड लक्ष दिवसभरात दुसरीकडे कुठे मिळतं? मला तरी याहून महत्त्वाचा शिकवण्याचा क्षण माहीत नाही. आणि हे बोलणं बंद करून, फोनवर किंवा सहकाऱ्याशी गप्पा मारत नॅपी बदलणारी माणसंही दिसतात. दोघींच्या कामातला फरक तुम्हाला दिसायला लागला की तुमचं शिकणं सुरू झालं असं समजा.

इंग्लंडमधल्या प्रत्येक नर्सरीला ईवायएफएस (अर्ली इयर्स फाउंडेशन स्टेज) ही सरकारी चौकट पाळावी लागते. ती २००८ मध्ये लागू झाली आणि जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. शिकण्याची सात क्षेत्रं त्यात आहेत आणि त्यातली तीन पायाची मानली आहेत : बोलणं व भाषा, शारीरिक वाढ, आणि भावना व माणसांशी नातं. वाचन-लेखन, गणित, आजूबाजूचं जग, कला ही चार त्यानंतर. म्हणजे बेबी रूम हा पाळणाघराचा कोपरा आणि खरं शिक्षण वरच्या वर्गात, असा समज इथल्या कायद्यातच बसत नाही. घरच्यांना हे सांगा.

आता सही करण्याआधीच्या गोष्टी.

सगळ्यात आधी निधीची पात्रता. अप्रेंटिसशिपच्या प्रशिक्षणाला सरकारी पैसा मिळतो. ब्रिटिश नागरिक नसलेल्यांसाठी साधारण अट अशी की सुरुवातीच्या आधी सलग तीन वर्षं तुम्ही कायदेशीरपणे या देशात राहत असायला हवं, आणि तेही शिक्षणासाठी आलेल्या म्हणून नाही. डिपेंडंट व्हिसावर चार वर्षं झाली असतील तर तुम्ही यात बसायला हव्यात. तरी प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेकडून हे लेखी घ्या. नर्सरीच्या मॅनेजरला यातले बारकावे माहीत असतीलच असं नाही. पदवी आहे म्हणून अडत नाही, कारण नव्या कामाचं कौशल्य खरोखर शिकणार असाल तर पदवीधरालाही अप्रेंटिस होता येतं. वयालाही वरची मर्यादा नाही.

पगाराचं दुखणं खरं आहे. पहिल्या वर्षात, वय कितीही असलं तरी, मालक अप्रेंटिसचा किमान दर देऊ शकतो. तो एप्रिल २०२५ पासून ताशी ७.५५ पौंड होता, एप्रिल २०२६ पासून ८ पौंड. पण लेव्हल ३ साधारण दीड वर्षाची असते, आणि एकोणीस वर्षांवरच्या माणसाचं पहिलं वर्ष संपलं की अप्रेंटिसचा दर चालत नाही, वयाप्रमाणे किमान वेतन द्यावंच लागतं. एकवीस वर्षांवरच्यांसाठी ते एप्रिल २०२६ पासून ताशी १२.७१ पौंड आहे. म्हणजे तेराव्या महिन्यात तुमचा पगार वाढलाच पाहिजे. ती तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. ती ‘विसरली’ गेलेली मी पाहिली आहे. शिवाय पहिल्या वर्षातही जास्त दर मागायला काही हरकत नाही. सप्टेंबर २०२५ पासून नोकरदार आईवडिलांच्या नऊ महिन्यांपुढच्या मुलांना शाळेच्या आठवड्यांत ३० तास सरकारी खर्चाने मिळतात. त्यामुळे बेबी रूम भरल्या आहेत आणि नर्सऱ्यांना माणसं हवी आहेत. चौतीस-पस्तीस वर्षांची, स्वतःचं मूल वाढवलेली, बँकेत नोंदींची शिस्त शिकलेली बाई त्यांना सहज मिळत नाही.

तिसरी गोष्ट, अभ्यासाचा वेळ. प्रशिक्षणाचे तास पगारी वेळेतच मिळायला हवेत, असा नियम आहे. रात्री मुलगी झोपल्यावर घरी करायचा तो अभ्यास नव्हे. मुलाखतीत सरळ विचारा, ‘माझा अभ्यासाचा वेळ आठवड्याच्या कोणत्या वारी, किती ते किती, आणि त्या वेळी खोलीत माझ्या जागी कोण?’ शेवटच्या तुकड्याचं उत्तर तयार असेल तर नर्सरीने विचार केलेला आहे. ‘जमेल तसं बघू’ असं आलं तर तो वेळ मिळणार नाही असंच धरा. दोन नर्सऱ्यांमधून निवडायची वेळ आली तर मी ताशी दरापेक्षा या एका उत्तरावर निवड करेन.

कागदपत्रांत एन्हान्स्ड डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची सखोल तपासणी होईल, आधीच्या नोकरीचे संदर्भ मागतील, आणि भारतात राहिल्यामुळे तिथलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही मागू शकतील. त्याला वेळ लागतो, आजच अर्ज करा.

रेशो हा शब्द तुम्ही दिवसभर ऐकणार आहात. दोन वर्षांखालच्या ३ बाळांमागे १ मोठं माणूस, दोन वर्षांच्या ५ मुलांमागे १ (२०२३ पर्यंत हे ४ होतं), आणि तीन वर्षांपुढे ८ मागे १. शिक्षक दर्जाची व्यक्ती मुलांसोबत असेल तेव्हा १३ पर्यंत. अप्रेंटिसला या मोजणीत धरता येतं, पण तुम्ही शिकत असलेल्या पातळीच्या एक पायरी खाली, तुम्ही सक्षम आणि जबाबदार आहात याची नर्सरीला खात्री असेल तर, आणि लहान मुलांच्या प्रथमोपचाराचं चालू प्रमाणपत्र असेल तरच. तो बारा तासांचा कोर्स पहिल्या महिन्यातच मागून घ्या. दर तीन वर्षांनी तो पुन्हा करावा लागतो. प्रमाणपत्र येईपर्यंत तुम्ही मोजणीबाहेर, म्हणजे खोलीत जास्तीचं माणूस असता. हे दिवस सोन्यासारखे आहेत. बघायला, विचारायला, एका बाळाजवळ वीस मिनिटं बसायला पुन्हा असा मोकळा वेळ मिळत नाही. नर्सरी पहिल्याच दिवशी ‘आज माणूस कमी आहे, तुम्हाला धरतो’ म्हणाली, तर नम्रपणे पण स्पष्ट विचारा की नियमात ते बसतं का.

पहिल्या आठवड्यात एवढंच करा. पहिलं काम, ॲलर्जीचा तक्ता पाठ करा. कोणत्या बाळाला दूध, अंडं, तीळ, शेंगदाणा चालत नाही हे न बघता सांगता आलं पाहिजे. मग सगळ्या बाळांची नावं, आईवडील ज्या उच्चाराने हाक मारतात त्याच उच्चाराने. तिसरं, खाली बसा. उभं राहून बाळांवर नजर ठेवणारं माणूस त्यांच्या जगात नसतंच. जमिनीवर, पाय पसरून, काहीही न करता बसा आणि कुणाला लगेच उचलायला जाऊ नका. अर्ध्या तासात कुणीतरी रांगत येऊन तुमच्या गुडघ्याला धरून उभं राहील.

आपल्याकडच्या काही सवयी इथे बाजूला ठेवाव्या लागतात, आणि अनुभवी आयांना हेच अवघड जातं. झोपेचं बघा. आपण बाळाच्या डोक्याखाली मोहरीची उशी ठेवतो, मऊ गोधडीत गुंडाळतो. इथे बाळाला पाठीवर, सपाट घट्ट गादीवर झोपवायचं, कॉटमध्ये उशी नाही, सैल पांघरूण नाही, मऊ खेळणंही नाही. आमच्याकडे दर दहा मिनिटांनी जवळ जाऊन श्वास बघतात आणि तशी सही करतात. दाराशी उभं राहून ‘झोपलंय’ म्हणणं चालत नाही. हे अचानक होणाऱ्या बाळमृत्यूंच्या अभ्यासातून आलेलं शहाणपण आहे, त्यात सवलत घेऊ नका.

जेवणाचंही तसंच. चिऊचा घास, काऊचा घास करत, बाळाच्या मागे फिरत भरवणं हे आपलं प्रेम आहे, मी ते कमी लेखत नाही. पण इथे बाळ खुर्चीत बसतं, स्वतःच्या हाताने खातं, सांडतं, आणि आपण शक्यतो त्याच्या समोर तोंड करून बसतो. सप्टेंबर २०२५ पासून खाण्याच्या सुरक्षिततेचे नियम अजून कडक झाले आहेत. मुलं खात असताना ती नजरेसमोर आणि ऐकू येतील अशी असायलाच हवीत, आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असलेलं माणूस खोलीत हवंच. द्राक्षं उभी चार भागांत कापायची, गोल चकत्या नाहीत. ओकारी आल्यासारखं करणारं, खोकणारं बाळ आवाज करतं. ज्याच्या घशात खरोखर अडकलंय त्याचा आवाज येत नाही. म्हणूनच पाठ करून बसलेल्या माणसाला ते कळत नाही.

अभ्यासाचा गाभा म्हणजे निरीक्षण, आणि बहुतेक अप्रेंटिस तिथेच अडखळतात. नवखी नोंद अशी असते : ‘आज पाण्यात खूप छान खेळला, मजा आली.’ यातून मला त्या बाळाबद्दल काहीच कळत नाही. हीच नोंद अशी लिहा : ‘पाण्याच्या ट्रेजवळ उभा. मोठ्या कपातलं पाणी लहान कपात ओतलं. पाणी बाहेर सांडलं, थांबून खाली पाहिलं. पुन्हा ओतलं, या वेळी हळू. सांडायला लागल्यावर थांबला आणि माझ्याकडे पाहिलं.’ आता मला दिसतंय की हा ‘भरलं’ आणि ‘मावत नाही’ याच्याशी झुंजतो आहे. उद्या मी त्याला वेगवेगळ्या आकाराचे डबे देईन, ‘भरलं’, ‘रिकामं’ हे शब्द त्याच्या कामाच्या वेळी वापरेन, आणि बाकी वेळ गप्प राहीन. पाहिलं काय, त्याचा अर्थ काय लावला, पुढे काय करणार, हे तीन तुकडे वेगळे ठेवा. शेवटच्या परीक्षेत तुमच्या पोर्टफोलिओवर चर्चा होते तेव्हा परीक्षक याच साखळीबद्दल विचारतात. बँकेत व्यवहार जसा झाला तसाच लिहायची सवय तुम्हाला आहे, ती इथे फार उपयोगी पडेल.

एखादं मूल आठवडाभर ठोकळे पिशवीत भरून इकडून तिकडे नेतंय, रिकामं करतंय, पुन्हा भरतंय, असं दिसलं तर ‘पसारा करतंय’ म्हणून पिशवी काढून घेऊ नका. ते वाहून नेण्याचा एक नमुना पुन्हा पुन्हा तपासतंय. इथे याला स्कीमा म्हणतात. त्याला अजून पिशव्या द्या.

तुम्ही नाशिकच्या, म्हणून एक गोष्ट सांगतेच. कोर्समध्ये मार्गारेट मॅकमिलन यांचं नाव येईल. त्यांनी आणि त्यांच्या बहिणीने १९१४ मध्ये लंडनच्या डेप्टफर्डमध्ये गरीब वस्तीतल्या मुलांसाठी उघड्या हवेतली नर्सरी काढली. ते वाचताना तुम्हाला आपल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवायला हव्यात. ताराबाईंनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर बाया त्यांच्या अंगणात जाऊन बसल्या. दगड, बिया, पानं, शिंपले हीच त्यांची साधनं. इथल्या बेबी रूममध्ये तुम्हाला टोपलीत लाकडी चमचे, शंख, ब्रश, साखळ्या ठेवलेल्या दिसतील. तेव्हा बुजू नका, या कामाची परंपरा तुमच्या जिल्ह्याशेजारीच आहे. माझ्या अप्रेंटिसना मी कोसबाडबद्दल सांगते आणि त्या मन लावून ऐकतात.

आता इंग्रजी. उच्चारांची काळजी सोडा. बाळाशी छोट्या, स्पष्ट, पुन्हा पुन्हा येणाऱ्या वाक्यांत बोलायचं असतं, ते तुम्हाला येतंच. कस लागतो तो दोन ठिकाणी. एक, संध्याकाळी पालकांना दिवस सांगताना. त्यासाठी पहिले काही आठवडे रूम लीडरच्या शेजारी उभं राहून ऐका. खाणं, झोप, नॅपी, आणि बाळाने आज केलेली एक खास गोष्ट, हा क्रम धरला की पालक खूश असतात. दुसरं, लेखी काम. नोंदी आधी मराठीत कागदावर खरडल्या तरी चालतील, विचार स्पष्ट होतो, मग इंग्रजीत उतरवा. फक्त मुलाचं नाव त्या कागदावर नको, आणि तो कागद नर्सरीबाहेर न्यायचा नाही. फोटो तर स्वतःच्या फोनवर कधीच नाही.

आणि तुमची मराठी इथे कामाची आहे. घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांना ती भाषा खेळात आणि शिकण्यात वापरायची संधी द्यावी, असं ईवायएफएस सांगते. रेडिंग, स्लाव, हॅरो, लेस्टर इथे मराठी, गुजराती, तेलुगू घरांतली बाळं बेबी रूममध्ये येतात. चौदा महिन्यांचं बाळ ‘मम्’ म्हणत रडत असेल आणि खोलीतल्या कुणालाच ते काय मागतंय हे कळत नसेल, तर तुमच्या एका शब्दाने त्याचा दिवस सावरतो. पालक आपल्या भाषेचे असले तरी नर्सरीतल्या इतर मुलांबद्दल किंवा सहकाऱ्यांबद्दल त्यांच्याशी एक अक्षरही बोलू नका. गावाकडचं कुणी भेटलं की जीभ सैल सुटते, तेवढं जपा.

सेफगार्डिंगचं, म्हणजे मुलांना इजेपासून आणि छळापासून जपण्याचं प्रशिक्षण कंटाळवाणं वाटलं तरी मन लावून करा. प्रत्येक नर्सरीत त्यासाठी नेमलेली व्यक्ती असते. ती कोण आणि ती नसेल तेव्हा कोण, हे पहिल्या दिवशी विचारा. मुलाच्या अंगावर वळ दिसला, मूल काही बोललं, किंवा एखाद्या सहकाऱ्याचं वागणं खटकलं, तर त्याच दिवशी त्या व्यक्तीला सांगायचं. मूल जे शब्द बोललं तेच शब्द लिहायचे, तारीख-वेळ घालायची, त्याला खोदून विचारायचं नाही आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. ‘मी नवी आहे, माझा गैरसमज असेल’ हा विचार आपल्या बायकांच्या मनात पटकन येतो. खात्री करणं तुमचं काम नाही, सांगणं तुमचं काम आहे.

पहिला हिवाळा अंगावर येईल. सर्दी, ताप, उलट्या-जुलाबांची साथ, सगळं तुम्हाला होईल. उलटी-जुलाब थांबल्यावर ४८ तास कामावर यायचं नाही, हा नियम मुलांइतकाच तुम्हालाही आहे. पाठीची काळजी घ्या, बाळ कंबरेतून वाकून न उचलता गुडघ्यात वाकून उचला. नव्या बाळाला रुळवताना ते तासभर रडेल आणि तुम्हालाही रडू येईल. प्रत्येक बाळाला एक की पर्सन, म्हणजे त्याची खास जबाबदारी घेणारी व्यक्ती, नेमलेली असते. तुमच्याकडे एखादं बाळ दिलं, तर त्याच्या आईकडून घरची झोपायची पद्धत, अंगाईतली एखादी ओळ, आवडतं फडकं मागून घ्या. बाळाचं लक्ष दुसरीकडे वळवून, आईला गुपचूप निघून जायला लावू नका. तिने ‘येते हं’ म्हणून जावं, बाळ रडलं तरी. दोन आठवड्यांत फरक पडतो.

तीन महिन्यांनीही तुम्हाला फक्त भांडी, लादी आणि कपड्यांच्या घड्या मिळत असतील, मेंटॉर ठरलेली नसेल, अभ्यासाचा वेळ सारखा रद्द होत असेल, तर प्रशिक्षण संस्थेच्या ट्यूटरला लेखी कळवा. तिच्या नियमित भेटी याचसाठी असतात. सफाई सगळ्यांच्याच वाट्याला असते, मीही आजही करते. पण फक्त अप्रेंटिसच्याच वाट्याला ती येत असेल तर ते प्रशिक्षण नाही. तरी सुधारलं नाही तर दुसऱ्या नर्सरीत जाऊन हीच अप्रेंटिसशिप पुढे चालू ठेवता येते.

पुढचं विचारलं नाहीत, पण सांगते. लेव्हल ३ झाली की रूम लीडर होण्याचा रस्ता खुला होतो. दोन वर्षांखालच्या खोलीत किमान एक माणूस लेव्हल ३ आणि बाळांबरोबर कामाचा अनुभव असलेलं लागतंच, त्यामुळे मागणी कायम असते. विशेष गरजा असलेल्या मुलांचं काम आवडलं तर सेन्को (त्या मुलांच्या मदतीची जबाबदारी सांभाळणारी व्यक्ती), नाहीतर लेव्हल ५ ची लीड प्रॅक्टिशनर अप्रेंटिसशिप. तुमच्याकडे पदवी आहे, म्हणून अर्ली इयर्स टीचरचं प्रशिक्षणही घेता येईल. त्यासाठी इंग्रजी, गणित आणि विज्ञानात जीसीएसईच्या (इथल्या दहावीसारख्या परीक्षेच्या) तोडीचं शिक्षण दाखवावं लागतं. तुमची दहावी-बारावीची मूळ गुणपत्रकं नाशिकला कपाटात असतील, तर पुढच्या वेळी कुणी येईल त्याच्याबरोबर मागवून घ्या.